वरकुट्याचा हिरवा माळ

कुंडलिकवर काही लिहायचं म्हणून मी वही घेऊन बसलो, तर बायको म्हणाली, "तुम्ही लिहिणार त्याच्यावर? त्याचं वाटोळं तुम्हीच केलंत की." आता हिला काय सांगायचं. वाटोळं वगैरे काही झालेलं नाही. माणूस धडधाकट आहे, रोज नऊच्या ठोक्याला माझ्या दुकानात येतो, चहा पितो, कॉम्प्युटर चालू करतो. पण तिचं बोलणं मनाला लागलं ते लागलंच. म्हणून आता सगळं झालं तसं लिहिणार आहे. माझं डोकं लवकर तापतं, मध्येच कुणावर घसरलो तर तेवढं चालवून घ्या.

माझं नाव दादासाहेब. इंदापूरला एसटी स्टँडच्या समोर माझा 'राजनंदिनी फोटो स्टुडिओ' आहे. थोरल्या मुलीचं नाव दिलंय. आमचं घर भाजीपाल्याचं, बापानं जन्मभर वांगी आणि काकड्या केल्या, मी एकटाच त्यातून निसटून कॅमेऱ्यात शिरलो. कुंडलिक माझ्याकडं आला तो नव्वद साली. वीस-बावीस वर्षांचा, उंच, काटक, डोक्याला पटका. दारातच उभा राहून म्हणाला, "शेठ, मला फोटू शिकवा. पगार नगं, शिकवा नुसतं." मी म्हणालो, "आधी चपला काढून आत ये." तेव्हापासून तो माझ्याकडं आहे. सहा महिन्यांत त्यानं कॅमेरा असा हातात धरला की माझ्याच लग्नातले फोटो मला फालतू वाटायला लागले.

तो धनगराच्या घरातला. बहुतेक भाऊबंद शेतीला लागले होते, पण त्याच्या थोरल्या भावाची, म्हस्कूची, मेंढरं अजून होती. दीडशेच्या आसपास. मेंढरांच्या फिरत्या बिऱ्हाडाला आमच्याकडं वाडा म्हणतात. वाडा एका रानात फार दिवस बसत नाही, चारा संपला की उठतो. पण उठायच्या आधी एक माणूस पुढं जाऊन पुढचं रान बघून येतो. गवत किती आहे, ओलं का वाळलेलं, पाणी कुठं, वाटेत कुणाची पिकं. तो येऊन सांगेल त्यावर दीडशे मेंढरं आणि चार चुली उठून चालायला लागतात. म्हणून हे काम कुणालाही देत नाहीत. कुंडलिकच्या घरात ते त्याच्या बापाकडं होतं, आणि मरताना बापानं ते म्हस्कूला न देता धाकट्याला दिलं. म्हस्कूला त्याचं वाईट वाटलं नाही. "त्याची नजर माज्यापरीस चांगली हाय," असं तो कुणालाही सांगायचा.

माझ्याकडं लागल्यावर कुंडलिकनं या कामात एक नवीनच पद्धत काढली. सुट्टीच्या दिवशी लुनावर जायचा, रान बघायचा आणि त्याचे चार-पाच फोटो काढून आणायचा. गवतात बापाची काठी रोवायचा. काठीला तांब्याच्या तारेचे तीन वेढे होते, त्यावरून गवताची उंची कळायची. फोटोच्या मागं पेन्सिलीनं पाणी कुठं ते लिहायचा. मग वाड्यावर घोंगडं पसरून त्यावर ते फोटो मांडायचे आणि सगळ्यांनी बघायचे.

एकदा मीही गेलो होतो. म्हस्कूला शाळेचं तोंड माहीत नाही, पण त्यानं फोटो हातात घेतला आणि वाचल्यासारखा बोलायला लागला. "ह्ये पवना हाय, ह्ये कुसळ. कुसळ पिकलंय, लोकरीत शिरंल, तिकडं नगं. हितं जरा गर्द दिसतंय, हितं पाणी मुरलंय." मी त्याच फोटोकडं बघत होतो आणि मला नुसतं गवत दिसत होतं. त्याची बायको भामाबाई मला म्हणाली, "आमचं भावजी फोटू काडत्यात ना, तवापसनं मेंढरू एकदाबी उपाशी बसलं न्हाय." कुंडलिक लाजून बाजूला झाला. त्याचा तेवढा खुललेला चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही.

अठ्ठ्याण्णव साली मी कॉम्प्युटर घेतला. इंदापुरात फोटोसाठी घेतलेला पहिलाच. सोबत स्कॅनर आणि रंगीत प्रिंटर. पुण्याहून आलेल्या माणसानं दोन दिवसांत शिकवलं आणि गेला. लोक नुसतं बघायला यायचे. कुणाच्या गालावरचा डाग पुसला, कुणाला टक्कल होतं तिथं केस लावले, एका सुनेच्या आग्रहावरून ग्रुप फोटोतली जाऊ काढून टाकली. मला भलताच चेव आला होता, खोटं कशाला सांगू.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी कुंडलिकचा एक फोटो स्कॅन केला. वरकुट्याच्या वरचा माळ, जानेवारीतला. सगळा करडा, गवत वाळून पिवळट झालेलं, मध्ये काठी रोवलेली. फोटो चांगलाच होता, पण विकायला म्हणाल तर मढ्यासारखा. मी माऊस धरला आणि हिरवा वाढवत नेला. आभाळ निळं केलं, कडेला दोन ढग दुसऱ्या फोटोतून आणून ठेवले. अर्ध्या तासात असा माळ तयार झाला की मी स्वतःच खुर्चीत मागं रेलून बघत बसलो.

कुंडलिक आला, पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, "शेठ, हा जानेवारीचा माळ हाय. जानेवारीसारखाच दिसू द्या की."

"लोकांना भिंतीवर जानेवारी नको असतो," मी म्हणालो. "त्यांच्या दारात बारा महिने तोच असतो."

तो फोटो मोठा करून मी डाळजजवळच्या हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला दिला. आठवड्यात त्यानं अजून दोन मागितले. मग सोमेश्वरनगरच्या एका बंगल्यात गेला, बारामतीच्या एका कापडदुकानात गेला. मी खाली झोकदार अक्षरात छापायला लागलो : 'वरकुट्याचा माळ. छाया : कुंडलिक.'

यावरून आमचं पहिलं भांडण झालं. तो म्हणाला, "गावाचं नाव काढा. न्हायतर काठी तरी पुसा. काठी हाय तवर आमच्या मानसांना तो रान बघितल्याचा फोटू वाटंल."

"तुझी माणसं काय बंगल्यात येऊन फोटो बघणार आहेत का?" मी खेकसलो. "काठीनंच तर फोटोला खोली आलीय. आणि नाव नसलं तर तो काश्मीरचा वाटेल, मग तुझं माझं काय राहिलं?"

आता इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर सगळा दोष मी एकटाच अंगावर घेतल्यासारखं होईल आणि ते मला जमायचं नाही. कुंडलिकनं दुसऱ्यांदा विषय काढला नाही. छापलेल्या नावावरून त्यानं बोट फिरवलेलं मी बघितलंय. बारामतीच्या दुकानात शेठजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "काय नजर आहे हो तुमची," म्हणाले, तेव्हा तो खाली बघून हसला. त्यालाही ते आवडत होतं. नंतर नंतर तो माळावर जायचा तोच कॉम्प्युटरचा विचार करून. इथं ढग टाकता येतील, इथं हिरवा चढेल. आणि मग एक दिवस चहा पिताना एकदम म्हणाला, "शेठ, मला आता रान नुसतं बघता येत न्हाय. बघितलं की आदी त्ये हिरवंच दिसतंय. मागचं खरं काय व्हतं त्ये घटकाभर गावत न्हाय."

मी हसण्यावारी नेलं. दोनदा त्यानं सोडून जायचंही काढलं, पण जाणार कुठं? त्याला दुसरं काम येत नव्हतं, मेंढरांमागं फिरायची सवय मोडली होती, आणि दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओत गेला असता तरी लोकांनी तेच मागितलं असतं, "तो हिरवा माळ काढा." मी त्याला हे तोंडावर सांगितलं होतं. बरोबरच होतं ते, पण सांगताना मला जी मजा वाटली ती आता आठवली की लाज वाटते.

नव्याण्णव साली पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली. श्रावण आला तरी माळ उघडे. म्हस्कूचा वाडा तेव्हा डाळजच्या शिवारात होता, तिथला चारा संपत आलेला. पुढं कुठं जायचं ते कुंडलिकनं बघून यायचं होतं. पण त्याच सुमाराला निवडणूक लागली. माझ्याकडं पत्रकांची आणि फ्लेक्ससारख्या मोठ्या कापडी फोटोंची झुंबड. कुंडलिकनं दोन दिवसांची सुट्टी मागितली, मी दिली नाही. "निवडणूक काय दर श्रावणात येते का?" असं म्हणालो आणि उलट त्याला एका उमेदवाराबरोबर गावोगाव फोटो काढायला चार दिवस धाडलं.

तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी भामाबाई दुकानात आली. एसटीनं आली होती. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "भावजी कुठं हायेत? मालकांनी इचारलंय, रान बघितलं का."

मी तेव्हा एका उमेदवाराच्या कपाळावरच्या आठ्या पुसत होतो. "बाहेरगावी गेलाय," मी म्हणालो. "परवा येईल."

ती जायला वळली आणि भिंतीवरचा मोठा फोटो तिला दिसला. वरकुट्याचा माळ. जवळ जाऊन तिनं बराच वेळ बघितला. काठीवर बोट ठेवलं. "दुसऱ्या येढ्याला गवात हाय. ह्यो भावजींचाच न्हवं?"

"त्याचाच. नाव आहे की खाली."

"कवाचा हाय?"

आता मी काय सांगितलं ते ऐका. ती काय विचारतेय हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं असं मी नंतर वर्षभर लोकांना सांगितलं. पण थोडं शिरलं होतं. पुरतं नाही, पण थोडं. आणि मला काम संपवायचं होतं, आणि फोटो जुना आहे म्हणायला माझी जीभ रेटेना. मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणालो, "आत्ताचाच आहे वहिनी."

तिनं छोटा मागितला. ड्रॉवरमध्ये नमुन्याची एक प्रत होती, ती मी दिली. मागं काही लिहिलेलं नव्हतं. तिनं ती पिशवीत भाकरीच्या फडक्यात गुंडाळली आणि गेली.

चार दिवसांचे आठ झाले, तेव्हा कुंडलिक परतला. मी सहज बोललो, "तुझी वहिनी येऊन गेली. माळाचा फोटो घेऊन गेली." तो बॅग खाली ठेवत होता, तसाच वाकलेला राहिला. "कुठला माळ?" मी भिंतीकडं बोट केलं. बॅग तिथंच टाकून तो बाहेर गेला आणि लुना सुरू केली. मी स्कूटर काढली आणि मागोमाग निघालो.

वाडा वरकुट्याच्या माळावर पोचून दीड दिवस झाला होता. तीन दिवसांची चाल, त्यातल्या निम्म्या मेंढ्या गाभण. माळावर दगड आणि वाळल्या गवताची बुडखं. खालच्या अंगाला बाजरी, तिच्या बांधावर शेतकरी काठ्या घेऊन बसलेले, एकही मेंढरू खाली उतरू देत नव्हते. मागं फिरावं तर डाळजला त्यांच्या जागी दुसरा वाडा येऊन बसला होता. सात मेंढ्या मेल्या होत्या. त्या एका रांगेत ठेवून वर घोंगडं टाकलं होतं. दोन कोकरं भामाबाईच्या ओच्यात होती, ती बोटं चोखायला बघत होती.

मला वाटलं आता शिवीगाळ होणार. तसं काही झालं नाही. म्हस्कू दगडावर बसला होता, त्यानं फोटो कुंडलिकपुढं धरला.

"ह्यो तूच काडला?"

"व्हय आप्पा."

"कवा?"

"माघात."

"माघात हिरवं गवात?"

कुंडलिकनं माझ्याकडं बघितलंही नाही. त्यानं सांगितलं असतं की शेठनं केलं, तर मी नाही म्हणू शकलो नसतो. मी तयारीत होतो. पण तो म्हणाला, "हिरवं न्हवतं. आमी केलं."

'आमी' म्हणाला. आणि मी, एरवी साध्या कॉन्स्टेबलशी हुज्जत घालणारा माणूस, मूग गिळून उभा राहिलो. 'आत्ताचाच आहे' हे माझे शब्द होते, त्याला ते ठाऊकसुद्धा नव्हते. भामाबाईला ठाऊक होते. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिनंही काही सांगितलं नाही. बहुधा तिला वाटलं असेल, फोटोवर नाव कुणाचं आहे ते महत्त्वाचं.

म्हस्कू म्हणाला, "मला पिकलेलं कुसळ दिसलं व्हतं ह्यात. कुसळ पिकलंय आन् गवात हिरवं, असं कवा हुईत न्हाय. मी म्हणलं, माजी नजर गेली असंल. आपल्या कुंडलिकाचा फोटू हाय." एवढंच बोलून त्यानं फोटो परत दिला.

पुढचा महिना वाड्यानं कसाबसा काढला, कॅनॉलच्या कडेनं, लोकांच्या शिव्या खात. मेंढ्या अजून गेल्या. कुंडलिक दर दोन दिवसांनी जायचा. त्याला भाकरी मिळायची, कुणी तोडून बोलायचं नाही. फक्त रानाचं कुणी विचारायचं नाही. ते काम चुलतभाऊ सोनबाकडं गेलं होतं. सोनबाला धड दूरचं दिसत नाही, हे सगळ्या वाड्याला माहीत होतं.

निवडणूक संपली तसा कुंडलिक माझी परवानगी न घेता तीन दिवस गायब झाला. भादव्यात कुठं कुठं सरी झाल्या होत्या, तालुका पालथा घालून त्यानं एक रान शोधलंच. मी नंतर बघून आलोय ते. दोन टेकड्यांच्या मध्ये, कुणाच्या वाटेत नसलेलं, गुडघ्याएवढं ओलं गवत, खाली भरलेलं तळं. देवानं दिलं असं रान. त्यानं फोटो काढले, कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, साध्या लॅबमध्ये धुऊन घेतले. आणि सोबत निगेटिव्हची पट्टी घेतली. मला म्हणाला, "शेठ, प्रिंट बदलता येतीया, निगेटिव्ह कसं बदलंल? आप्पाला त्येच दाखिवतो." आणि पहिल्यांदाच म्हणाला, "तुमीबी चला." मी गेलो. आज सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो.

म्हस्कूनं फोटो घेतला. गवत खरंच हिरवंगार होतं, आभाळ निळं, आणि कडेला दोन ढग. आपसूक आलेले. पण मी आणून ठेवलेल्या ढगांसारखेच.

"आप्पा, ह्ये खरं हाय," कुंडलिक म्हणाला. "ह्ये बग निगेटिव्ह. ह्याला कुणी हात लावला न्हाय."

म्हस्कूनं पट्टी उन्हाकडं धरली. बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं. "ह्यात तर गवात तांबडं हाय."

"निगेटिव्हात उलटं दिसतं, आप्पा. हिरवं आसंल त्ये तांबडं दिसतं. धुतल्यावर पुना हिरवं हुतं."

"म्हंजी हितंबी बदलतंच," म्हस्कू म्हणाला. रागानं नाही, समजून घेतल्यासारखं.

मी पुढं झालो. "म्हस्कूराव, त्या वेळची चूक माझी. मी तुमच्या मंडळींना खोटं सांगितलं. हे रान खरं आहे, माझ्या गळ्यावर हात ठेवून सांगतो."

"तुमी बगितलंय का त्ये रान?" त्यानं विचारलं.

मी तेव्हा बघितलेलं नव्हतं. फोटोच बघितला होता.

"आप्पा, तू ये नुसता. डोळ्यानं बग. एका दिसाची वाट हाय," कुंडलिक म्हणाला.

"आता गाभण मेंढरं घिऊन चुकीची एक दिसाची वाट मला परवडत न्हाय, बाळा. सोनबा निमगावच्या अंगाचं बगून आलाय. फार न्हाय, पर हाय म्हणतोय." आणि त्यानं उठून घोंगडं झटकलं. वाड्यानं आवराआवर सुरू केली.

भामाबाईनं फोटो उचलला, पदराला पुसून कुंडलिकच्या हातात दिला. "लई झाक आलाय, भावजी. कुणीबी इकत घील." तिला टोमणा मारायचा नव्हता. तिनं मनापासून सांगितलं, आणि म्हणूनच कुंडलिकला तिथं उभं राहवेना.

वाडा निमगावकडं गेला. ते रान दुसऱ्याच कुणाच्या मेंढरांनी चरलं.

दिवाळीत एका डॉक्टरनं दवाखान्यासाठी निसर्गाचा फोटो मागितला. मी कुंडलिकचा तो फोटो मोठा करून दाखवला, जसा होता तसा, कणभर हात न लावता. डॉक्टर खूश. "काय अप्रतिम काम केलंय हो कॉम्प्युटरवर," म्हणाला. "अगदी खरं वाटतं."

मी कुंडलिककडं बघितलं. तो डॉक्टरला म्हणाला, "अजून हिरवं पायजे आसंल तर करून देतो."